शॉर्टकट आणि फाइल यांतला फरक

पांढुर्ण्याच्या एका शाळेत मी कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे साऱ्या खानदानात कोणाचंही मशीन बंद पडलं की फोन मला. दीर, नणंद, मावशीचा जावई, सगळ्यांची डॉक्टर मीच. अन् मलाही ते आवडायचं, खोटं काहून बोलू? बंद पडलेलं मशीन चालू करून खुर्चीवरून उठली की चार लोकांत मान ताठ व्हायची.

दोन वर्षांपूर्वी श्रावण लागता लागता सौंसरहून बाबांचा फोन आला. लाइट दोन-तीनदा गेली-आली, अन् तेव्हापासून कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर येऊन अडून राहिला होता. बाबांचा आवाजच उतरला होता. त्या डब्यात त्यांच्या झडत्या होत्या.

पोळ्याला बैलं तोरणाखाली उभी राहिली की शेतकरी एकेक करून मोठ्यानं म्हणतात, त्या झडत्या. कुठे देवाचं नाव, कुठे सरकारला टोला, कुठे शेजाऱ्याची खोडी. मास्तरकी संपल्यापासून बाबांना त्यांचंच वेड लागलं होतं. म्हातारे गेले की त्यांच्यासोबत त्याही जातील, म्हणायचे. स्कूटर काढायची अन् तिगाव, सावरगाव, जिथे कोणी सांगणारा असेल तिथे जाऊन संत्र्याच्या बागेत नाही तर कपाशीच्या धुऱ्यावर बसायचं. वहीत उतरवून आणायचं अन् घरी एका बोटानं टाइप करायचं. अकरा वर्षं हेच केलं माझ्या बापानं. सांगणाऱ्यांतले निम्मेअर्धे तोवर वरही गेले होते.

वह्या राहिल्या नव्हत्या. त्या मीच रद्दीत घालायला लावल्या होत्या. कपाटाला वाळवी लागून राहिली होती, अन् आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे तर हा कचरा कशाला, असं मीच म्हटलं होतं. बाबांनी दोन दिवस हो-नाही केलं, मग दिल्या.

रविवारी पेन ड्राइव्ह घेऊन सौंसरला गेली. दुरुस्तीचे सगळे उपाय करून पाह्यले. मशीन आपलं फिरून फिरून त्याच निळ्या पडद्यावर. दुपार झाली. मला चारची बस पकडायची होती, घरी पेपरांचा गठ्ठा तपासायचा पडला होता, अन् माझं डोकं सणकत चाललं होतं. मी म्हटलं, बाबा, आता फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकते. तुमचं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे न?

हे मीच त्यांना शिकवलं होतं. फॉरमॅट मारला की सी जातं, डी राहतं, म्हणून कामाचं सगळं डीमध्ये ठेवायचं. त्यांनी तसं एका कागदावर लिहून पडद्याच्या वर चिकटवलंही होतं.

"तू सांगितलं तेव्हापासून रोज डीमध्येच ठेवून राहिलो, बेटा," बाबा म्हणाले.

तरी मी पेन ड्राइव्हवरून मशीन चालवून डी उघडलं. झडत्यांचं फोल्डर होतं, आत गावागावांची नावं ओळीनं होती. झालं तर मग. फॉरमॅट मारला.

तासाभरात नवीन विंडोज आलं, मराठी अक्षरंही टाकली. मी उठली, बाबा खुर्चीवर बसले, चष्मा पुसला अन् तिगाववर दोनदा टिचकी मारली. फाइल सापडत नाही, म्हणे. दुसऱ्या गावावर मारली. तिसऱ्या. मी वाकून पाह्यलं, तर प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात वळलेला छोटासा बाण.

शॉर्टकट होते ते सगळे. खऱ्या फाइली बाबा नेहमी डेस्कटॉपवर, म्हणजे सीमध्ये, डोळ्यांपुढे ठेवायचे. अन् लेकीनं सांगितलं म्हणून प्रत्येकीचा शॉर्टकट करून इमानदारीनं डीमध्ये नेऊन टाकायचे. त्यांच्या लेखी ते ठेवणंच होतं. मी कधी शेजारी बसून पाह्यलं नाही. त्या दिवशी एका फाइलीचा आकार पाह्यला असता तरी कळलं असतं. शॉर्टकट आणि फाइल यांतला फरक सांगा, हा प्रश्न मी दरवर्षी सातवीला विचारते. दोन मार्काला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते मलाच उद्देशून म्हणतात.

डिस्क घेऊन नागपूरला गेली. तिथल्या माणसानं चार दिवस ठेवून घेतली, मग सांगितलं की जुन्याच्या उरावर नवीन विंडोज लिहिलं गेलं, आता फार काही निघणार नाही. निघालं ते एका लग्नाचे फोटो अन् अर्ध्यामुर्ध्या पाच झडत्या. मी बाबांना म्हटलं, आपण पुन्हा गावोगाव जाऊ, मी सोबत येते. बाबा म्हणाले, जाऊ, पण विचारायचं कोणाला? मला तेव्हा रडू आलं, अन् त्यांनी उठून पंखा वाढवला.

पोळ्याच्या तीन दिवस आधी, मी सौंसरलाच होती तेव्हा, तिगावचा एक शेतकरी आला. त्याच्या बापानं बाबांना नऊ झडत्या सांगितल्या होत्या, अन् तो बाप मागच्या हिवाळ्यात वारला होता. यंदा तोरणाखाली बापाचीच झडती म्हणायची, म्हणून तो खिशाला पेन लावून आला होता. मी आत चहा ठेवला होता. बाबांना खरं सांगावं लागेल, मग तो माझ्याकडे पाहील, असं मनात येऊन मी तेच कप पुन्हा पुन्हा पुसून राहिली होती.

"माझ्याच हातानं मिटलं, बाबू," बाबा म्हणाले. "चुकीचं बटन दाबलं मी."

आयुष्यभर पोरांना खोटं बोलण्यावरून छड्या मारलेला माणूस. शेतकऱ्यानं खिशाचं पेन चाचपलं. मग म्हणाला, होते गुरुजी, वय झालं आता. तेवढ्यात मी ट्रे घेऊन बाहेर आली.

"ताईले अगोदर बोलवाचं होतं न, गुरुजी," तो माझ्याकडे पाहून म्हणाला. "तिले समजते थे सारं. तिनं वाचवलं असतं."

बाबा खाली पाहून राहिले. मी त्याच्या हातात कप दिला अन् साखर बरोबर आहे का म्हणून विचारलं.