नावाच्या जागी दोन अस्वलं

किस्से कोणी मुद्दाम जमवत नसतं. शेताच्या धुऱ्यावरून चालत घरी यावं आणि पाहावं तर पायजम्यात कुसळं! कधी रुतली, कुठे रुतली, पत्ता नाही. आमच्या 'झाडी'च्या मंडळींचे किस्से मला असेच चिकटले. काढून फेकावे म्हटलं तर बोटालाच टोचतात, म्हणून राहू दिले.

'झाडी' हा खेळ. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आमच्या भंडाऱ्याच्या शाळेतल्या कापगते सरांनी काढलेला. सर भूगोल शिकवायचे, मी मराठी. खेळ म्हणजे असा, की टेबलाभोवती पाच-सहा जण बसायचं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीत सोंग घेऊन वागायचं. कोणी नावाडी, कोणी वैदू, कोणी कोतवाल, कोणी मालगुजार म्हणजे गावचा जमीनदार. तुम्ही म्हणालात, "मी नदी पोहून जातो," तर गेलात की बुडालात हे फासे ठरवणार. सोपं आहे. पण कोणत्या जनावरात किती बळ, कोणता तलाव किती खोल, कोणत्या गावात कोण राहतो, ही सगळी माहिती फक्त सरांजवळ. ती त्यांनी पत्र्याच्या पेटीत ठेवली होती आणि पेटीवर ते स्वतः बसायचे!

*

पहिल्याच रविवारी मी कोतवाल झालो आणि जेवणाच्या आत मेलो. अस्वलाने मारलं.

सरांच्या झाडीत सगळ्यात बळकट जनावर अस्वल होतं. वाघ त्याच्या खाली. मी चिडून विचारलं, "सर, वाघापेक्षा अस्वल मोठं कसं?"

सर म्हणाले, "वाघ पोट भरलं का जाते. अस्वलाले कारण नाही लागत. भुरे, तुमी मेले. बाजूले बसा."

मी घरी गेलो. तोंड उतरलेलं. बायकोने विचारलं, "काय झालं वो?"

"अस्वलाने मारलं."

"बरं," ती म्हणाली. "हातपाय धुऊन घ्या, भाजी थंडी होऊन राहिली."

*

पंच्याऐंशीच्या आसपास शाळेत सरकारी योजनेतून एक कॉम्प्युटर आला. छोटा होता, टीव्हीला जोडायचा, आणि त्यातलं सगळं गाण्याच्या साध्या कॅसेटवर साठवायचं. त्याची जबाबदारी गणिताच्या गभने मॅडमकडे. मॅडमने सरांची पेटी महिनोन् महिने बसून त्या कॉम्प्युटरमध्ये उतरवली. आता गोष्ट सांगता सांगता एक बटण दाबलं की तलाव, गाव, जनावर सगळं हजर!

सर खूश झाले आणि लगेच घाबरले. "हे कोनी चोरलं तर?"

मॅडमने पासवर्ड बसवून दिला. तो सरांनी एकट्याने ठरवायचा, कोणालाही सांगायचा नाही. सरांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि पासवर्ड टाकला. अडचण एवढीच, की सर एका बोटाने टाइप करायचे आणि प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणायचे. भूगोलाच्या मास्तरचा आवाज! व्हरांड्यात शिपायालासुद्धा पासवर्ड पाठ झाला.

तरी कोणी तो कधी वापरला नाही. मी एकदा मॅडमला म्हटलं, "मॅडम, आपल्याला येते ना पासवर्ड. पाहू या का अस्वल?"

मॅडम म्हणाल्या, "भुरे सर, दार उघडं दिसलं म्हनून का आपन कोनाच्याई घरात शिरतो?"

*

मॅडम शिरल्या नाहीत, पण ती माहिती वापरायची परवानगी मागत मात्र राहिल्या. मागणारे वाढतही होते. साकोलीचे हटवार हे त्यातले पहिले. त्यांचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान, आणि त्यांच्या साळ्याने दुबईहून तसाच एक छोटा कॉम्प्युटर आणून दिलेला. हटवारांना फाशांचा प्रोग्राम करायचा होता. बटण दाबलं की फासे पडणार आणि जनावराच्या बळाशी ताडून निकाल सांगणार. त्यासाठी जनावरांची माहिती हवी. सरांनी बऱ्याच विनवण्यांनंतर फक्त सशाची आणि मोराची दिली.

ती कॅसेट हटवारांनी दुकानात ठेवली. त्याच दुकानातून लग्नाला लाउडस्पीकर आणि गाण्याच्या कॅसेटी भाड्याने जायच्या. पुढचं सांगायला नको.

मांडव गच्च भरलेला, नवरदेव पारावरून निघालेला, आणि भोंग्यातून सुरू झालं, "किर्रर्र... टीईईई... खर्रर्र..." ज्यांनी कॅसेटवरचा डेटा कानाने ऐकला नसेल त्यांना ते सांगून कळणार नाही. ससा आणि मोर साऱ्या गावाला ऐकू जात होते. हटवार धावत मांडवात पोहोचले तेव्हा एक म्हातारे गृहस्थ मान डोलावत शेजाऱ्याला सांगत होते, "पार्टी पैसेवाली दिसते गा. बँड नागपूरचा हाये!"

*

आता सरांची बाजू सांगतो, नाहीतर तुम्ही त्यांना कंजूष समजाल.

सरांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. 'झाडी'चा छापील डबा निघावा, तो नागपूरच्या दुकानात काचेमागे असावा आणि त्यावर 'नामदेव कापगते' असं नाव असावं. बस. तास सुरू व्हायच्या आधी ते कधीकधी फळ्यावर तो डबा काढून पाहायचे. नाव वर चांगलं दिसतं की खाली, यावर स्टाफरूममध्ये मतदानसुद्धा झालं होतं. मी खाली म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आणि नागपूरचे एक प्रकाशक खरंच तयार झाले होते. त्यांची अट एकच. माहिती दुसऱ्या कोणाकडे जाता कामा नये. फुकट वाटलेला खेळ विकत कोण घेणार?

म्हणून सर कोणी मागायला आलं की पेटीवर, म्हणजे आता खुर्चीवर, घट्ट बसायचे.

*

दामोदर भाऊ लाखांदूरकडचे. धानाची शेती. रविवारी सकाळच्या एसटीने यायचे, झाडीत वैदू व्हायचे, आणि संध्याकाळच्या एसटीने परत. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नाही. "गरम लागते," म्हणायचे.

एकदा त्यांनी खेळ मधेच थांबवला.

"सर, तुमच्या झाडीत वाघ हाये, अस्वल हाये, एवढे मोठे तलाव हायेत. पन एकाई तलावाले तुडूम नाही."

तुडूम म्हणजे तलावाचं पाणी शेतात सोडायचं दार. सर म्हणाले, "खेळात कायले पायजे तुडूम?"

"मंग लोक खातेत काय?"

मालगुजार खाली पाहू लागला.

दामोदर भाऊंनी कागदावर सगळा हिशेब मांडून आणला होता. पाऊस किती, तलाव किती भरणार, तुडूम कधी उघडायचं, कोणत्या गावात धान होणार आणि कोणतं गाव उपाशी राहणार. मॅडम म्हणाल्या, याचा सुंदर प्रोग्राम होईल. फक्त तलावांची खोली वापरू द्या.

सर म्हणाले, "नाही देता येत, दामोदर भाऊ. नागपूरवाल्याइले शब्द देला."

दामोदर भाऊंनी कागदाची घडी करून खिशात घातली. "ठीक हाये. तुमचे गावं तुमी उपाशी मारा."

हे सरांना लागलं. मला दिसलं. त्या दिवशी त्यांनी गोष्ट अर्ध्यावर बंद केली. म्हणाले, अस्वल झोपलं आहे.

*

मग प्रकाशक स्वतः भंडाऱ्याला आले. सफारी सूट, हातात ब्रीफकेस. आमच्याबरोबर एक डाव खेळले, अस्वलाच्या हातून मेले, आणि खूश झाले.

"सर, एकदम फर्स्ट क्लास! बस थोडा चेंज करू. हे तलाव, नावाडी, कोतवाल, हे पुण्या-मुंबईच्या पोरांना समजत नाही. त्याच्या जागी किल्ला टाकू. राजपुत्र टाकू. अस्वलाच्या जागी राक्षस."

सरांनी विचारलं, "आन् तलाव?"

"काढून टाकू ना! नाव तुमचंच राहील. मोठ्या अक्षरात."

सरांनी त्यांना चहा पाजला, पोहे खाऊ घातले, स्टँडवर नेऊन नागपूरच्या बसमध्ये खिडकीची जागा धरून दिली. परत येऊन मॅडमसमोर उभे राहिले.

"मॅडम, कोऱ्या कॅसेटी किती हायेत?"

"काहून वो सर?"

"सारं भरून द्या. ज्याले पायजे त्याले द्या. मागून कोनी काही बनवो, आपली हरकत नाही." आणि दारापर्यंत जाऊन पुन्हा वळले. "पन अस्वलाले कोनी हात लावाचा नाही!"

पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी अस्वलालाच हात लावला.

*

त्यानंतर जो धुमाकूळ झाला तो विचारू नका. दामोदर भाऊंचं तुडूम सुरू झालं. हटवारांचे फासे पडू लागले. कोणी गावं वाढवली, कोणी शंकरपटाच्या शर्यतीसाठी बैलजोड्या आणल्या. पण कमाल केली निंबार्तेंनी.

निंबार्ते पितळी भांड्यांचे व्यापारी आणि हौशी ज्योतिषी. त्यांनी पात्रांची कुंडली मांडणारा प्रोग्राम करवून घेतला. स्वतः ते मालगुजार व्हायचे. कुंडलीत निघालं, मालगुजाराला पाण्यापासून धोका! झालं. खेळातल्या कारध्याच्या घाटावर नाव तयार, नावाडी तयार, पलीकडे दरोडेखोर गावात शिरलेले, आणि मालगुजार नावेत पाय ठेवायला तयार नाही.

"निंबार्ते, फासे टाका ना!"

"फासे राहू द्या बावा. पयले शनी हटू द्या."

तो अख्खा रविवार आम्ही घाटावर उभे होतो. दरोडेखोर वाट पाहून निघून गेले असावेत.

*

सरांनी माहिती मोकळी केली तेव्हा एक छोटी गोष्ट मात्र मागून घेतली होती. कॅसेट चालू केली की पहिल्यांदा पडद्यावर एक ओळ यावी, 'खेळकर्ता: नामदेव कापगते.' डबा गेला तो गेला, निदान ओळ तरी. मॅडमने ती आनंदाने टाकली.

पण त्या कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे चिमणीचं पोट. नवीन काही घालायचं तर जुनं काहीतरी काढावं लागे. आणि काढायला सगळ्यात सोपी कोणती? पहिली ओळ! हटवारांनी काढली, निंबार्तेंनी काढली. दामोदर भाऊंच्या तुडुमासाठी तर खुद्द मॅडमला काढावी लागली.

एका रविवारी सरांच्या ते लक्षात आलं. पडदा लागला, ओळ नाही.

"मॅडम, माहं नाव कुठे गेलं?"

मॅडमला फार वाईट वाटत होतं. पण गणिताचा माणूस खोटं बोलत नाही. "सर, तेवढ्या जागेत दोन अस्वलं बसतेत."

सरांनी विचारलं, "बसली का?"

"बसली."

"मंग राहू द्या," सर म्हणाले. त्यानंतर त्यांनी फळ्यावर डबा काढल्याचं मला आठवत नाही. मला मात्र त्या ओळीची हळहळ वाटत राहिली, अजून वाटते.

*

पुढे दोन-तीन वर्षांनी मी आणि सर साकोलीला एका लग्नाला गेलो होतो. परतताना बसस्टँडवर थांबलो. शेजारच्या पानठेल्यामागे बाकावर चार माणसं बसलेली. दोन कंडक्टर, एक हमाल आणि पानठेल्याचा मालक. मधे कॉम्प्युटरच्या छपाईचा भोकाभोकांचा लांब कागद पसरलेला. हमाल ओरडला, "अस्वल आलं!" आणि सर जागच्या जागी उभे राहिले.

आम्ही जवळ गेलो. ओळखीचं कोणी नव्हतं. सरांनी विचारलं, "हा कोनता खेळ?"

"झाडी. बसता का गुरुजी? तुमच्या बसले टाइम हाये अजून."

सर बसले. कंडक्टरने त्यांना नियम समजावून सांगितले. सरांनी एकदा मधे म्हटलं, "दुपारी अस्वल झोपते ना?" तर कंडक्टर म्हणाला, "नाही, कोनीतरी चुकीचं सांगतलं तुमाले."

"हा काढला कोनं?" सरांनी सहज विचारावं तसं विचारलं.

"काढला?" हमाल म्हणाला. "असे खेळ का कोनी काढते? माह्या आज्याच्या वक्ताचा हाये. कॉम्प्युटर आता आला, खेळ पयलेचाच!"

मी तोंड उघडणार होतो. सरांनी माझ्या हाताला धरलं.

"बरं, तुमी नावाडी व्हा," कंडक्टर पेन काढून म्हणाला. "नाव बोला."

सर एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "नामदेव कापगते."

चौघं एकमेकांकडे पाहून हसले.

"हे नाव नाही चालत गुरुजी. या नावाचं भूत हाये आमच्या खेळात."

"भूत?"

"हो ना. कारध्याच्या घाटावर बसून रायते."

सरांचा चेहरा मला वाचता येईना. "तरास देते का?"

"नाही जी. ज्याले रस्ता सापडत नाही, त्याले साऱ्या झाडीचा नकाशा देऊन टाकते. बदल्यात काहीच मांगत नाही."

"मंग त्याले भूत कायले म्हनता?"

पानठेलेवाला पानाला चुना लावत होता. त्याने मानही वर केली नाही.

"घ्या! जित्ता मानूस असा देते का?"

भंडाऱ्याची बस लागली. मी पिशव्या उचलल्या. सरांनी हाताने मला बसा म्हटलं आणि फासे जवळ ओढले.

"मंग दुसरं लिहा," ते कंडक्टरला म्हणाले. "कोनतंई लिहा."