डाव्या बाहीचं मतदान

माझ्या दादाने आयुष्यात कुणालाही कधी नाही म्हटलेलं नाही. लोक म्हणतात, हा मोठा गुण आहे. लोकांचं काय जातंय? अशा माणसाच्या घरात दोन वेळा जेवून बघा, मग बोला.

दादा चावीवाला. पोस्टाच्या भिंतीला टेकून त्याची टपरी आहे, कपाटाएवढी. उभं राहिलं तर डोकं लागतं, बसलं तर गुडघे. चाळीस वर्षं तो तिथे कानस घेऊन चाव्या घासतोय. नमुन्याची चावी एकदा नजरेखालून गेली की संपलं, दात न् दात पाठ. चावी हरवली असेल तर तो कुलपात कोरी चावी घालून दोनदा हलवतो, बाहेर काढून तिच्यावरचे ओरखडे बघतो आणि घासायला बसतो. मोजपट्टी त्याने कधी विकत घेतली नाही. "माप डोळ्यात असतं, चिमे," असं म्हणतो. चिमी म्हणजे मी. वय वर्षं अठ्ठावन्न.

मी पाणीखात्यात, तक्रार खिडकीवर. तिथे एकतीस वर्षं लोक माझ्यावर ओरडले आणि घरी येऊन मी दादावर ओरडले, त्यामुळे कुठेच काही तुंबून राहिलं नाही. मी लग्न केलं नाही. वरच्या मजल्यावर माझी खोली, खाली दादा आणि वहिनी. जेवण खाली, भांडण खाली, झोपायला तेवढी वर.

भांडणात मी आजवर हरलेली नाही, कारण माझ्याकडे हात आहे. म्हणजे सगळ्यांनाच असतो, पण माझा डावा हात उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड आहे. मी सहा वर्षांची होते, दादा दहाचा. त्याने मला कुंपणाच्या भिंतीवर चढवलं आणि म्हणाला, "मार उडी, मी झेलतो." मी मारली. नेमकं त्या क्षणी याला जमिनीवर एक गंजलेलं कुलूप दिसलं आणि ते उचलायला हा खाली वाकला. हाड जुळलं, पण हात मागे राहिला तो राहिलाच. तेव्हापासून वाद कसलाही असो, मी नुसता डावा हात वर करते. दादा गप्प बसतो. त्याने कधी माफी मागितली नाही आणि मी कधी विषय सोडला नाही. असं आमचं बावन्न वर्षं छान चाललंय.

मागच्या वर्षी दादाची बोटं आखडायला लागली. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला. चार दिवस दाबला आणि पाचव्या दिवशी म्हणाला, "इतकं दाबून हाती काय लागतं? चेंडू होता तसाच राहतो." मग त्याने वहिनीच्या विणकामाच्या सुया उचलल्या. वहिनीने सुलटा टाका, उलटा टाका शिकवला, आणि पुढचं विचारायला लागला तशी हात झटकले. "मला याच्यापुढे येत नाही, फोनवर विचारा." त्यांच्या मुलीने मग त्याला फोनवर एका समूहात घालून दिलं. समूहाचं नाव 'दोन सुया'. नऊ हजार माणसं. विणकाम करायचं, फोटो टाकायचे, अडलं तर विचारायचं.

दादाने पहिलाच प्रश्न टाकला: "मी नवीन आहे. एक स्वेटर करायचा आहे. लोकर कोणती घ्यावी?" तासाभरात त्रेसष्ट उत्तरं आली आणि दोन उत्तरं एकमेकांशी जुळतील तर शपथ. शहाण्या माणसाने फोन पालथा ठेवला असता. दादाने त्रेसष्ट जणांचे वेगवेगळे आभार मानले.

लोकर आणली बाटलीच्या हिरव्या रंगाची. मी म्हटलं, "हा रंग तुला शोभत नाही." तो म्हणाला, "मला नाही शोभत, खरं आहे," आणि विणायला बसला. कुणासाठी करतोयस म्हणून विचारलं तर म्हणाला, "होऊ दे आधी." मी समजले, स्वतःसाठीच. आम्ही दोघं एकाच चणीची, पाप्याची पितरं. दुसऱ्या कुणाच्या छातीवरून त्या मापाचा स्वेटर खाली उतरला नसता.

मग सुरू झाला तमाशा. दादाने गोल गळा केला. जहाजावर आचारी असलेल्या एका गृहस्थाने लिहिलं, टोकदार गळा करा, माणूस उंच दिसतो. दादाने उसवलं, टोकदार केला. एका आजींनी लिहिलं, टोकदार गळ्यातून वारा शिरतो, बंद गळा करा. उसवलं. बंद गळा झाला तर एक दातांचे डॉक्टर उगवले. त्यांचं म्हणणं, बंद गळ्याने मान अवघडते. दातांच्या डॉक्टरांना मानेचं काय पडलंय? पण उसवलं. कुणी म्हणालं लोकर व्हिनेगरमध्ये भिजवा, तर घरभर आठवडाभर लोणच्याच्या बरणीत बसल्यासारखा वास. टपरीत गिऱ्हाइकांना चाव्यांबरोबर हिरवे धागे मिळायला लागले. पाच वेळा स्वेटर बाह्यांसकट गळ्यापर्यंत आला आणि पाच वेळा परत गुंडा झाला. वहिनी म्हणाली, "त्या लोकरीला आता स्वेटर व्हायची भीती वाटत असेल." मागच्या थंडीत व्हायचा स्वेटर, उन्हाळा आला तरी परत पाठ आणि पोटच चाललेलं.

मला हे बघवेना. समोर सांगितलं तर तो हो म्हणतो आणि ऐकत नाही, म्हणून मीही त्या समूहात शिरले. नाव घेतलं 'निरीक्षक', फोटो लावला नळाचा. लिहिलं: "क्र. १. आपण कुणाचेही ऐकू नये. क्र. २. एकदा ठरवलेला गळा बदलू नये." दोन मिनिटांत दादाचं उत्तर: "आपला सल्ला शंभर टक्के मान्य आहे." आणि संध्याकाळी आजींच्या सांगण्यावरून परत उसवायला घेतलं. सांगा, काय करायचं अशा माणसाचं?

पण एक कबूल करते. तो खुलला होता. चाळीस वर्षं गिऱ्हाईक टपरीसमोर उभं राहून 'किती वेळ लागेल' याशिवाय काही बोललं नाही. इथे आचारी त्याला बंदरांचे फोटो पाठवायचा, आजी बोटांची चौकशी करायच्या. जेवताना "आमचे डॉक्टर म्हणाले" असं सुरू झालं की वहिनी माझ्याकडे बघून हसायची. दादाला मित्र मिळाले होते, वयाच्या बासष्टाव्या वर्षी.

आणि मग आली ती बाही.

गेल्या महिन्यात दादाने पूर्ण स्वेटरचा फोटो टाकला. शेवटी गोल गळाच राहिला होता. दोन मिनिटांत कुणीतरी ओरडलं, डावी बाही आखूड आहे. मग काय, सगळे तुटून पडले. आचाऱ्याने फोटोवर लाल रेघा मारून दाखवलं, दोन बोटांचा फरक. डॉक्टर म्हणाले, मनगटापासून उसवा, एका दिवसाचं काम आहे. मीही फोटो मोठा करून पाहिला आणि डोकंच फिरलं. वर्षभर नऊ हजारांना विचारून शेवटी हे? लिहिलं: "क्र. ३. डावी बाही स्पष्ट आखूड आहे. क्र. ४. डोळे तपासून घ्यावेत."

दादाने एकच ओळ लिहिली: "सर्वांचे आभार. बाही बरोबर आहे."

समूहाच्या प्रमुख बाईंना सगळे पाठीमागे शिस्तबाई म्हणतात. त्यांनी थेट मतदान लावलं. उसवावी की राहू द्यावी? उसवावी, तीनशे चाळीस. राहू द्यावी, अकरा. तीनशे चाळिसांत एक मत माझं. शिस्तबाईंनी खाली लिहिलं, इथे नवीन लोक बघून शिकतात, चूक दाखवूनही जे ती बरोबर म्हणतात त्यांची इथे गरज नाही. शुक्रवारी संध्याकाळी सातपर्यंत बाही दुरुस्त झाली नाही तर नाव कमी करण्यात येईल. दादाने ते वाचलं, चष्मा पुसला आणि चावी घासायला घेतली. त्या आठवड्यात तो जेवताना डॉक्टरांचं नाव काढेना. वहिनीने विचारलं, तर म्हणाला, "समूहातून काढतील. काय करणार?"

तो शुक्रवार माझ्या नोकरीचाही शेवटचा दिवस होता. खात्याने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं, वेळेवर पोचायची गरज संपल्यावर. साहेबांनी भाषणात माझ्या स्वभावाबद्दल 'स्पष्ट' हा शब्द चार वेळा वापरला. ते घड्याळ काखेत मारून मी घरी आले, रडूही येत होतं आणि रागही. बघते तर दादा खुर्चीत बसलेला, मांडीवर तो हिरवा स्वेटर, समोर फोन. शिस्तबाईंची मुदत संपायला अर्धा तास.

मी सुरूच केलं. "अरे, वर्षभर ज्या त्या येड्यागबाळ्याचं ऐकून उसवलंस. आज तीनशे चाळीस लोक एक खरी चूक सांगतायत तर तुला ताठा सुचतोय? तेवढ्या बाहीपायी मित्र घालवणार तू? आण इकडे, मी उसवते."

मी स्वेटरला हात घातला. दादाने तो धरून ठेवला.

"नाही, चिमे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघायला लागली.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. ही बाही उसवायची नाही."

मी माझं नेहमीचं हत्यार काढलं. डावा हात वर केला. बावन्न वर्षांत पहिल्यांदाच दादा गप्प बसला नाही. त्याने त्या हाताकडे नीट बघितलं, कुलपाकडे बघतो तसं, आणि म्हणाला, "अगदी बरोबर आहे माप."

तुम्हाला केव्हाच कळलं असेल. मला नव्हतं कळलं. रागावलेल्या माणसाला स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही.

"घाल की मग," वहिनी म्हणाली. "पाच वेळा उसवला, तरी ती बाही दर वेळी तेवढीच केलीय त्यांनी. मी बघत होते."

मी घातला. आमच्या खात्यात एसीचा गार वारा थेट माझ्या डोक्यावर, म्हणून मी बारा महिने स्वेटर घालायची. आजवरच्या प्रत्येक स्वेटरची डावी बाही मी एकदा दुमडली आहे. सकाळी दुमडायची, दुपारी सुटली की परत दुमडायची. सवयीने माझा उजवा हात डाव्या मनगटाकडे गेला. बाही मनगटावर संपली होती. दुमडायला काही नव्हतंच.

मी तसाच हात धरून उभी राहिले. माझं माप कुणी घेतलं नव्हतं. त्याने इतकी वर्षं फक्त माझी दुमडलेली बाही बघितली होती.

"तेव्हा मी वाकायला नको होतं," दादा म्हणाला. "झेलायला हवं होतं तुला."

मला रडू फुटलं. "मेल्या," मी म्हटलं, "हे बोलायला बावन्न वर्षं लागतात? आणि आज देतोयस, नोकरी संपल्यावर?"

"मागच्या थंडीतच द्यायचा होता," तो म्हणाला. "पण आचारी म्हणाला, टोकदार गळा छान दिसतो."

मुदत संपायला पाच मिनिटं राहिली होती. मी त्याचा फोन घेतला, वहिनीला फोटो काढायला लावला, दोन्ही हात पुढे करून. समूहावर टाकून खाली लिहिलं: "क्र. ५. मी या बाहीची मालकीण. बाही बरोबर आहे, हात आखूड आहे. क्र. ६. निरीक्षक या नावाने केलेली क्र. ३ आणि क्र. ४ ची तक्रार मी परत घेत आहे." लिहून झाल्यावर लक्षात आलं की निरीक्षक म्हणजे मीच हे दादाला माहीतच नव्हतं, तेव्हा कबूल केलं.

"माहीत होतं," दादा म्हणाला. "सल्ल्याला नंबर कोण घालतं?"

शिस्तबाईंनी मतदान काढून टाकलं आणि लिहिलं की दादांनी मापाबद्दल नवीन लोकांना चार शब्द सांगावेत. आजींनी माझ्या हाताची चौकशी केली. डॉक्टर म्हणाले, गळा मात्र टोकदार हवा होता. दादाने लगेच सुई शोधायला घेतली, तेव्हा मी डावा हात वर केला आणि तो खाली बसला.

बाहेर संध्याकाळ झाली तरी उकाडा कमी झाला नव्हता. मी पंखा मोठा केला आणि जेवण होईपर्यंत स्वेटर अंगातून काढला नाही. जेवताना दोनदा माझा हात मनगटाकडे गेला आणि परत आला.