एका हाताखाली दोन डोकी

आमचं घर कॅथलिक. माझा घटस्फोट झाला तेव्हा फादरांनी स्पष्ट सांगितलं, चर्चने लावलेलं लग्न कोर्टाने मोडत नसतं. म्हणून दुसरं लग्न मी नवऱ्याच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये केलं. तिथल्या पाळकांनी चार प्रश्न विचारले, प्रार्थना केली आणि लग्न लावून दिलं. तेव्हापासून आईच्या चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला गेले, तरी सगळे कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठतात तेव्हा मी बाकावरच बसते; मला तो घ्यायची मुभा नाही. लोक म्हणतात सवय होते. कसली होतेय!

धाकट्या भावाने त्याच्या जोडीदाराबद्दल घरात सांगितलं तेव्हा त्यांचंही लग्न लावून द्या म्हणायला मी मोठ्या तोऱ्यात पाळकांकडे गेले. जोडीदार त्याच्याच सातपूरच्या कारखान्यातला, अबोल मुलगा. पाळक म्हणाले, याबाबत बायबल स्पष्ट आहे. घटस्फोटाबाबतही आहेच की, मी म्हणाले.

"तुमची गोष्ट वेगळी, बाई," असं म्हणून त्यांनी चहा मागवला. मी चहा न घेताच उठले.

फादर मात्र मवाळ निघाले. लग्न नाही, नात्याला आशीर्वादही नाही. पण दोघं नुसती माणसं म्हणून आली तर डोक्यावर हात ठेवीन, म्हणाले. आई आता अंथरुणाला खिळलेली, तिला तेवढं पुरे होतं. तिच्या लेखी लग्नात खरं महत्त्वाचं एवढंच, की फादरांच्या एका हाताखाली दोन डोकी यायला हवीत. बाकी सगळं सजावट.

मिस्सा संपल्यावर दोघं खेटून गुडघ्यांवर बसले. फादरांनी भावाच्या डोक्यावर हात ठेवला, काही पुटपुटले, हात उचलला. थोडं थांबले. मग तो दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला. ते थांबणं मुद्दाम होतं, हे आम्हा तिघांनाही कळलं.

रिक्षात बसल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, तुला दुसऱ्यांदासुद्धा उभं राहायला जागा मिळाली. मला पहिल्यांदाही नाही." मला त्याच्याकडे बघवेना.

घरी आई वाटच बघत होती. "एकदम ठेवला ना रे हात?"

"हो, आई."

त्याच्यावर तिचा विश्वास बसला नसावा. तिने माझ्याकडे पाहिलं. मीही होकाराची मान हलवली. मग तिने त्या मुलाला जवळ बोलावून त्याचा हात हातात घेतला.

"सुटले बाबा," ती म्हणाली. "आता तुमचं कोणी मोडू शकत नाही."