रामभाऊला दिलेला अभिप्राय

हे मी बायकोलासुद्धा कळू दिलं नाही. ती गेली, रामभाऊही गेला. आता तुम्हाला सांगतो — धड सांगता येतंय का बघू.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी चऱ्होलीच्या शाळेत मास्तर. गावचा रामभाऊ पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला होता आणि शिफ्ट संपली की लिहीत बसायचा — गावाबद्दल, घरच्यांबद्दल. पदरमोड करून पुस्तक छापायचं त्यानं ठरवलं. त्याआधी बाड माझ्याकडे आणून दिलं.

“गुरुजी, मी घरातला माणूस, मला काय दिसायचं न्हाई. खटकंल तिथं लाल पेन्सिल मारा. तुमी व्हय म्हणल्याबिगर छापत न्हाई.”

मी किती फुगलो म्हणून सांगू! आणि वाचलं किती? — पहिली चार पानं. कंटाळा? तोही होता. पण खरं सांगू का — कारखान्यातला माणूस लिहून लिहून काय लिहिणार, हा तोरा जास्त होता. बाड फडताळात पडून राहिलं. तो विचारायला आला तेव्हा म्हणालो, “एक अक्षर काढू नकोस. छाप.” त्याचे डोळे भरून आले. मला तेव्हाही लाज वाटली नाही.

श्रावणात देवळात पोथी लागायची, वाचायचो मीच. रामभाऊच्या मनात आलं, पुस्तकाची पहिली प्रत देवापुढे ठेवावी आणि गुरुजींनी ती पोथीसारखी वाचून दाखवावी. सगळं गाव जमलं. त्याची बहीण शेवंता बायकांत बसली होती. बाळंतपणात मूल गेल्यापासून ती माहेरीच होती. तिला नांदायला न्यायला सासरा त्याच दिवशी आला होता. तोही पुढेच बसला.

मी वाचत गेलो. भावानं बहिणीला विहिरीतून कसं काढलं, ते आलं. पाय घसरला असं घरच्यांनी गावाला सांगितलं होतं. तसं नव्हतं — मुलाच्या दुःखात तिनं उडी घेतली होती. रामभाऊनं नाव बदललं होतं, पण चिंचेखालची विहीर तीच ठेवली होती. फार मायेनं लिहिलं होतं हो! मी थांबलो तोवर वाक्य तोंडातून गेलं होतं.

“असली सून नको आमाला,” म्हणत सासरा उठला आणि एकटाच निघून गेला.

रामभाऊ माझ्याकडे बघत राहिला. “गुरुजी, तुमी तर वाचलं व्हतं ना?”

मी वाचलं नव्हतं — एवढंच तर म्हणायचं होतं! पण गाव बघत होतं. मी म्हणालो, “मी तर हे काढ म्हणालो होतो, रामभाऊ.” देवापुढे बसून म्हणालो.

त्यानं माझ्यापुढची प्रत उचलली आणि मान खाली घालून देवळाबाहेर गेला. का? मास्तरला चारचौघांत खोटं पाडणं त्याला जमलं नसावं.

शेवंता पुन्हा सासरी गेली नाही आणि भावाशी बोललीही नाही. रामभाऊ दापोडीला राहायला गेला. लिहिणं त्यानं सोडलंच.

त्याच्या दहाव्याला शेवंता आली होती, केस पिकलेले. माझ्याजवळ येऊन म्हणाली, “गुरुजी, तुमी सांगितलं व्हतं त्याला. त्यानंच ऐकलं न्हाई.”

मी ‘हो’ म्हणालो.