'दॅन'च्या पलीकडचा माणूस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी. मी सांगत असताना मधेच कोणी फिदीफिदी केलं की माझं डोकं सरकतं. तर ऐका. पोळ्याच्या दिवशी, सगळ्या गावासमोर, भोंग्यावरून मी स्वतःचं लग्न मोडायला निघालो होतो. तेही इंग्रजीतून! आणि कोणाला कळायचं राहू नये म्हणून एकेका वाक्याचं भाषांतर करून!

तेव्हा मी मारेगावजवळच्या आमच्याच गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो. कापसानं सगळ्यांना रडवलेली ती वर्षं. बोंडात अळी, बाजारात भाव नाही, आणि शेतकऱ्याच्या पोराला पोरगी द्यायला कोणी तयार नाही. मला नोकरी होती, पण कच्ची. घरी शेती होती, तिचं तर नावच काढू नका. पाहुणे यायचे, चहा प्यायचे, आणि 'कळवतो' म्हणून जायचे ते जायचेच. मायनं देव पाण्यात घालून ठेवले होते.

अशात मामानं बाभुळगावचं एक स्थळ काढलं. मुलीचे वडील दवाखान्यात कंपाउंडर. माणूस खमका, पण पोरगी गुणाची.

"भाच्या," मामा म्हणाला, "थे पोळ्याच्या सुट्टीत येऊन राह्यले. पन ओळख देनार नाहीत. गावात हिंडतीन, लोकायले इचारतीन, पोरगा कसा हाय म्हून. म्या संगं ऱ्हाईन, पन तू चार मानसायत जपून ऱ्हाजो."

आमच्याकडं ही रीतच आहे. पोरगा घरात कसा दिसतो ते कोणी पाहत नाही. पानठेल्यावर लोक त्याच्याबद्दल काय बोलतात, ते पाहतात.

माय म्हणाली, "अन् तोंड बंद ठेवजो रे बापा. हे स्थळ गेलं त मंग मले काही दुसरं दिसून नाही राह्यलं."

तोंड बंद? इंग्रजीच्या मास्तरानं? अहो, माझ्या डोक्यात तर वेगळाच किडा वळवळत होता. सासरा गर्दीत कुठं उभा असेल ते ठाऊक नाही, मग सगळ्या गर्दीलाच इंग्रजी ऐकवलं तर? माणूस गार होतो की नाही!

त्या आठवड्यात मी वर्गात क्रियाविशेषणांची तुलना शिकवत होतो. हा त्याच्यापेक्षा जास्त जोरात पळतो, ती तिच्यापेक्षा जास्त गोड गाते. इंग्रजीत सोपं आहे हो! मोअर अमुकली दॅन तमुक. 'दॅन'च्या अलीकडचा वरचढ, पलीकडचा उणा. झालं, पोळ्याच्या दिवशी मी मंडपवाल्याकडून माइक घेतला.

गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, आखरावर, बैलजोड्या उभ्या होत्या. शिंगांना रंग, अंगावर झुली, गळ्यात घुंगरमाळा. दरवर्षी रांग आखूड होत चालली होती. कोणी बैल विकले, कोणाला पोसणं झेपलं नाही. पण जे होते ते नवरदेवासारखे सजले होते. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या, "हर हर महादेव" झालं, आणि मानाची म्हणून पुंडलिक पाटलांची जोडी तोरणाखालून निघाली. मी घसा खाकरला.

"पाटील्स बुलक्स वॉक मोअर प्राउडली दॅन गुलाब्स बुलक्स!"

आखर एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागलं. मग मीच मराठीत सांगितलं, "म्हणजे, पाटलांचे बैल गुलाबभाऊच्या बैलांपेक्षा जास्त ऐटीत चालतात!"

पाटलांनी मिशीवर हात फिरवला. आणि गुलाबभाऊ बैल सोडून माझ्याकडं धावला.

"ओ सर! आज पोळा हाय! आजच्या दिवशी बैलाले कोनी हाड म्हनत नाही, अन् तुमी भोंग्यातून माह्या बैलायले कमी लेखून राह्यले?"

बरोबर होतं हो त्याचं! वर्षभर राबणाऱ्या जनावराचा तो एकच मानाचा दिवस. त्या दिवशी बैलाला नाव ठेवायचं म्हणजे देवाला नाव ठेवायचं. हे मला, त्याच गावात वाढलेल्या माणसाला, कळू नये? पण हातात माइक असला की अक्कल खिशात जाते.

मी घाईघाईनं सावरलं. "गुलाब्स बुलक्स पुल मोअर पॉवरफुली दॅन किसन्स बुलक्स! म्हणजे, गुलाबभाऊचे बैल किसनच्या बैलांपेक्षा जास्त ताकदीनं ओढतात!"

गुलाबभाऊ खूश. किसन लाल.

"माह्या बैलायनं तुमचं काय घोडं मारलं, सर?"

किसनला वर काढला तर शेवंताबाई आली. ती एकटी बाई स्वतः औत हाकायची. तिच्यासमोर पाटीलसुद्धा दबून बोलत. "काहून रे पोट्ट्या," ती म्हणाली, "माहे बैलं तुले आंधळे दिसले काय? म्हन काहीतरी चांगलं. अन् कोनाले खाली पाडशीन त याद राख!"

आता आली का पंचाईत? 'दॅन'च्या अलीकडं सगळं गाव उभं राहायला तयार, पलीकडं कोणीच जाईना! मी म्हटलं, चला, ट्रॅक्टरला पलीकडं ढकलू. "बैल ट्रॅक्टरपेक्षा जास्त प्रेमानं नांगरतात!" टाळ्या पडल्या. पण गावात ट्रॅक्टर एकच, तो सरपंचांचा. आणि माइकही त्यांनीच सांगितलेला. त्यांनी मंडपवाल्याकडं असं पाहिलं की त्याचा हात वायरीवर गेला.

लोक मात्र हटेनात. जो तो आपली जोडी घेऊन माझ्यापुढं. "सर, आमचं म्हना! सर, आमचं राह्यलं!" आणि खरं सांगू, मला भरून आलं. त्या वर्षांत कोणाच्या घरात बोलायला चांगलं काय होतं? भोंग्यातून आपल्या बैलांचं एक चांगलं वाक्य ऐकू यावं, एवढीच त्यांची हौस. ती मी मोडू?

आणि तेवढ्यात मला सुचलं! ज्याला राग येणार नाही असा एक माणूस होता की! मी स्वतः!

"शेवंताबाईज बुलक्स गेट अप अर्लियर दॅन सर! शेवंताबाईचे बैल सरांपेक्षा लवकर उठतात!"

आखर असं हसलं की बैल बुजले. शेवंताबाईनं तर माझी अलाबला घेतली. मग काय विचारता! वारं शिरलं माझ्या अंगात!

"किसनचे बैल सरांपेक्षा जास्त नियमितपणे अंघोळ करतात!"

"पाटलांचे बैल सरांपेक्षा जास्त शांतपणे जेवतात!"

गर्दीतून फर्माइशी सुरू झाल्या. "सर, माहा बैल घरच्यायचं तुमच्याहून जास्त आयकते म्हना!" म्हटलं. "सर, इशारा तुमच्याहून लवकर समजते म्हना!" तेही म्हटलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत, अगदी ठासून. बायकांच्या घोळक्यात मायनं पदर तोंडावर ओढला. मला वाटलं, हसते आहे.

तिकडं पानठेल्याजवळून मामा दोन्ही हात जोरजोरानं हलवत होता. मला वाटलं, म्हणतोय, होऊ दे अजून! त्याच्या शेजारी सफारीतले एक गृहस्थ तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत, मान वाकडी करून ऐकत होते. मामाचा असा पाठिंबा पाहून मला आणखी चेव आला, आणि मी शेवटचं वाक्य फेकलं.

"गुलाब्स बुलक्स विल कॅरी अ फॅमिली मोअर स्टेडिली दॅन सर! गुलाबभाऊचे बैल सरांपेक्षा जास्त नेटानं संसार ओढतील!"

टाळ्या, शिट्ट्या, गुलाल! गुलाबभाऊनं मला मिठी मारली. मी हवेत!

खाली उतरलो तर मामा समोर. तोंड एवढंसं झालेलं.

"अबे गाढवा, हात दाखवून राह्यलो होतो ना, बंद कर म्हून! थे हेच व्हय, बाभुळगावचे!"

सफारीतले गृहस्थ शांतपणे पुढं आले. खर्रा थुंकले. मला वरून खाली न्याहाळलं.

"सर, एक इचारू काय? बैलापेक्षा तुमी चांगलं करता, असं एखादं काम हाय काय?"

मी खूप आठवलं हो! शेवटी चाचरत म्हणालो, "बोलतो."

"थे आयकलं," ते म्हणाले आणि एसटीकडं निघाले.

घरी पुरणपोळी कोणाच्या घशाखाली उतरली नाही. माय एकदाच बोलली, "सासऱ्याच्या तोंडावर सांगतलं, का संसार बैल बरा ओढन! असा कोनी असते काय रे?" मी ताट सारून उठलो.

आणि काय सांगावं, थोड्या दिवसांनी निरोप आला. पसंत! मामानं तो निरोप आणणाऱ्याला परत परत विचारलं, "नक्की आमच्याच घरी द्यायचा ना?"

लग्नानंतर मी छाती फुगवून बायकोला विचारलं, "खरं सांग. बाबांना माझं इंग्रजी आवडलं ना?"

"इंग्रजी?" ती म्हणाली. "बाबा जिथं गेले, तिथं पोरं आपलीच टिमकी वाजवत. तुमच्या गावाहून आले अन् म्हणाले, पोरगा खोटं बोलत नाही, पन गावातला एकूण एक बैल त्याच्याहून बरा हाय. आता काय करू? म्या म्हटलं, बाबा, बैलासंगं त काही लगीन लागत नाही. त्याच्या खालोखाल जो हाय, तोच पाहून टाका!"