सूचक शांतामावशी

शांतामावशी पक्षाचं पत्रक नुसतं वाटत नसत. समोरच्याच्या हातात दिलं की त्याने ते वाचून दाखवेपर्यंत दारातून हलत नसत. "वाच की मोठ्यांदा, मला ऐकायला लय आवडतं," म्हणायच्या. खरं म्हणजे त्यांना वाचता येत नव्हतं. पत्रकातली ओळन् ओळ त्यांना अशी दारोदार ऐकूनच पाठ व्हायची.

मखमलाबादला त्यांचा झेंडूचा मळा होता. सकाळी फुलं बाजारात उतरवायची आणि मग पंचवटीतलं पक्षाचं कार्यालय उघडायचं, हा त्यांचा पंचवीस वर्षांचा क्रम. आमचा पक्ष लहान. आघाडीत उरेल ती जागा आमची. शाळेत असल्यापासून पत्रकं मी लिहायचे आणि मसुदा आधी मावशींना ऐकवायचे. "हे 'सर्वंकष' काढ. भाजी निवडता निवडता कळलं पायजे," त्या बजावायच्या.

महापालिकेच्या या निवडणुकीत आमच्या प्रभागातली जागा महिलांसाठी राखीव झाली. शहराध्यक्ष स्वतः मळ्यात येऊन म्हणाले, "मावशी, उमेदवार तुम्हीच. तयारीला लागा." मावशींनी फोटो काढून घेतला. फोटोवाला म्हणाला, जरा हसा. तर त्याला म्हणाल्या, "मत मागायचंय बाबा, लगीन नाय करायचं."

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी पक्षाच्या उमेदवारीचा ए-बी फॉर्म दुसऱ्याच बाईच्या हातात होता. गंगापूर रोडच्या एका बिल्डरची बायको. पक्षात आदल्या दिवशी आलेली. मुदत तीनपर्यंत. अर्जावर सूचक म्हणून आमच्याच प्रभागातल्या मतदाराची सही लागणार होती आणि त्या बाईने सहीसाठी आणलेला माणूस निघाला शेजारच्या प्रभागातला. शहराध्यक्षांनी आधी मला विचारलं. मी नाही म्हणाले, अर्ज भरायला उभ्या असलेल्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. मग ते मावशींकडे वळले.

"मावशी, नका करू," मी म्हणाले. "तुमचं तिकीट विकलंय यांनी."

"कळतंय गं मला. पण मशीनवर आपलं चिन्हच नको? पंचवीस वर्षं लोकांना तेच दाखवत फिरले ना मी?"

सही तेवढी त्यांना येत होती, पक्षाच्याच शिबिरात शिकलेली. त्यांनी ती सावकाश केली.

पुढे त्या दारोदार फिरल्या. "बाई नवीन हाय, पण सूचक मी हाय. काय झालं तर मला धरा," असं सांगत. लोकांनी त्यांच्याकडे बघून मतं दिली. बाई निवडून आली आणि दोन महिन्यांत शहराध्यक्षांसकट सत्तेतल्या पक्षात गेली.

तिसऱ्या दिवशी मावशी माझ्या दारात उभ्या. "चल. जिथं मत मागितलं तिथं जाऊन सांगायचंय, मी चुकले म्हणून."

"चूक त्यांची आहे, मावशी."

"सही कोणाची हाय?"

दोन गल्ल्या झाल्या. मी शिव्या खायच्या तयारीनेच गेले होते. पण प्रत्येक घरात चहा मिळाला. "काय मावशी, एवढं काय मनाला लावून घेता! सगळे तसलेच. आम्हाला ठाऊकच होतं." एका म्हाताऱ्याने तर अगदी आपुलकीने विचारलं, "मग तुम्हाला काय मिळालं त्यात?"

मावशी उठल्या. चहा तसाच ठेवून बाहेर आल्या आणि ओट्यावर बसल्या.

"पोरी, शिव्या घालायला पायजे होत्या यांनी," त्या म्हणाल्या. "शिव्या घालणाऱ्याच्या दारात परत जाता येतं. यांनी तर मला कधी खरं धरलंच नव्हतं."

उरलेल्या तीन गल्ल्या तशाच राहिल्या. मावशी घरीच बसून राहू लागल्या, नंतर अंथरुणाला खिळल्या आणि उन्हाळ्यात गेल्या.

आता त्या गल्ल्यांत मी एकटी जाते. दार वाजवते, मावशींचं नाव घेते, त्यांचा निरोप सांगते. अजून एकानेही शिवी दिलेली नाही.