एक्का-दुर्रीची सिक्वेन्स

आमचा बाप मलकापुरातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होता. आठवडाभर गाठी ओढायचा आणि रविवारी तीन पत्ती खेळायचा. हरला की मारायचा. जिंकला की पिऊन मारायचा, म्हणजे आम्हाला दोन्ही सारखंच. एकदा मायच्या कानावर पितळी तांब्या असा घातला की तो कान कायमचा गेला. दादाचे समोरचे दोन दात त्यानेच पाडले. मी धाकटा, माझ्या वाट्याला पट्टा. भाकर रोज मिळायची, पण बापाचा हात कुठे आहे ते बघत बघत खावी लागायची.

मी बारावीत असताना गाठींची थप्पी त्याच्या अंगावर कोसळली आणि तो गेला. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं नाही. जिनिंगवाल्याने जे दिलं त्यात मायने एक जुनी पिकअप घेतली, दादाच्या नावावर. मोताळ्याच्या बाजाराचं भाडं, कापूस, सोयाबीन, जे मिळेल ते. त्या गाडीवर चूल पेटायची आणि माझं बी.एस्सी. चालायचं. गाडी गेली असती तर दोन्ही बंद.

बापाची रविवारची जागा दादाने घेतली. त्याचा हातही घेतला.

मी शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा गोव्याच्या कॅसिनोत काम करून परत आलेला एक माणूस जिनिंगच्या मागच्या शेडमध्ये नवा खेळ घेऊन आला. ओमाहा, पोकरचाच एक प्रकार. हातात चार पत्ते, मधे सगळ्यांसाठी पाच. हातातले दोनच लावायचे, ना एक ना तीन, आणि मधले तीन. पाच पत्त्यांचा डाव ज्याचा मोठा, तो जिंकला. चिप्सच्या जागी पैसे मोजून घेतलेले चिंचोके. नियम मोडणाऱ्याचं काय होतं तेही लवकरच कळलं. एकाने पत्ता लपवला, तर गोवावाल्याने त्याची करंगळी मागे वाकवून मोडली आणि पुढचा डाव वाटला.

मी संख्याशास्त्राचा विद्यार्थी. फुकटच्या अॅपवर हजारो डाव खेळून एक गोष्ट शिकलो होतो. डावात चार-पाच जण असले की सिक्वेन्स, म्हणजे ओळीचे पाच पत्ते, लागणं ही काही मोठी गोष्ट नाही. सगळ्यांच्या हातात चार-चार पत्ते, त्यामुळे ती दुसऱ्यालाही लागते. आपली वरची असली तरच डावात थांबायचं, नाहीतर पत्ते फेकायचे. खालच्या सिक्वेन्सची वाट बघणारा माणूस आपल्याच मरणाची वाट बघत असतो. एवढ्या एका नियमावर मी दोन महिने त्या शेडमध्ये हरलो नव्हतो.

दादाला हे सांगायला गेलो की तो म्हणायचा, "तू पुस्तकं वाच बे. मी पत्ते बापाकून शिकलो."

तीच चूक होती. तीन पत्तीत एक्का-बादशाह-राणी सगळ्यात मोठी आणि तिच्या खालोखाल एक्का-दुर्री-तिर्री. आमच्याकडे हे पोरं शाळेत जायच्या आधी शिकतात. पोकरमध्ये एक्का-दुर्रीपासूनची सिक्वेन्स सगळ्यात लहान. हे गोवावाल्याला माहीत होतं आणि त्याने ते कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि तोवर तशी सिक्वेन्स कोणी उघडलीही नव्हती. मला माहीत होतं, आणि दादा माझं ऐकत नव्हता.

त्या रविवारी दुपारी आम्ही बारदानावर बसलो होतो. डावात चौघे उरले: गोवावाला, कापसाचा एक दलाल, दादा आणि मी. मधे बादशाह, तिर्री, चौकी. माझ्या हातात पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी. दुर्री, पंजी, छक्की, सत्ती, यातलं काहीही आलं तरी वरची सिक्वेन्स माझीच. चौथा पत्ता पंजी आली. चारही पत्ते वेगळ्या रंगाचे, म्हणजे एकाच रंगाचे पाच कोणालाच लागणार नव्हते. त्या घडीला माझ्यावर कोणीच नव्हतं.

गोवावाल्याने मोठा ढीग पुढे सारला. दलालाने तेवढाच लावला. दादाचे चिंचोके संपले होते. त्याने खिशातून पिकअपची चावी काढून ढिगावर टाकली.

मी म्हणालो, "दादा, गाडी नको."

"चूप बस. काऊन भेतं? याच्यावर फक्त एक्का-बादशाहची, अन् ते तं इथं बसतच नाही."

गोवावाला माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हातात पत्ते असताना बोललास, तर तुझंही बोट मोडीन. चावी चालते. तू लावतोस का फेकतोस?"

दादाकडे एक्का-दुर्री आहे हे मला कळलं. मी फेकले असते तर चावी गोवावाल्याकडे नाहीतर दलालाकडे गेली असती. थांबलो तर एकच भीती: गोवावाल्याकडे तीन सारखे असणार, आणि मधल्या पत्त्यांत जोडी लागली की त्याचं फुल हाउस, तीन सारखे अन् एक जोडी, ते सिक्वेन्सला मारतं. न दिसलेले पत्ते चव्वेचाळीस, त्यातले वाईट अकरा. चारात एक. मी होतं नव्हतं ते सगळं लावलं.

शेवटचा पत्ता गुलाम आला.

गोवावाल्याने तीन बादशाह दाखवले; तीन पत्तीत ते सगळ्यांवर, पोकरमध्ये सिक्वेन्सच्या खाली. दलालाची दुर्री ते छक्की. दादाने एक्का-दुर्री आपटली आणि दोन्ही हातांनी ढीग ओढायला लागला. मी सत्तीपर्यंतची ठेवली.

"हात काढ," गोवावाला हसला. "तुझी सगळ्यात खालची. धाकट्याने मारला तुला."

दादाने आधी त्याच्या तोंडावर लाथ घातली. दलाल पत्ते टाकून पळाला. मग दादा माझ्यावर आला. "मिळून खाल्लं बे मले? सख्ख्या भावाले?" भिंतीला हमालांचे गाठी ओढायचे आकडे टांगलेले असत. त्यातला एक त्याने माझ्या दंडात घातला आणि ओढला. बारदानावर रक्ताचा शिंतोडा उडाला. मी चावी मुठीत धरली होती. दुसऱ्या हाताला काट्याजवळचं पाच किलोचं वजन लागलं, ते मी त्याच्या खांद्यावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो खाली पडला तरी मी दोन लाथा घातल्या. दुसरी गरज नसताना घातली, हेही लिहून ठेवतो. चौकीदाराने बादलीभर पाणी ओतून आम्हाला सोडवलं.

दंडाला अकरा टाके पडले. घरी येऊन मी चावी मायच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं, तिच्या चांगल्या कानाशी.

दादा गळ्यात हात बांधून आला. "चावी दे माय. गाडी माह्या नावावर हाय."

"तू हारला," माय म्हणाली. "धाकट्यानं जितली, त्यानं मले देली. मारतं तं मार."

त्याने डावा हात उचलला. मी उठलो नाही, नुसतं बघत राहिलो. माय जागची हलली नाही. हात बराच वेळ वर होता. मग तो खाली आला आणि दादा ओसरीवर जाऊन बसला.

महिन्याभरात गाडीचे कागद मायच्या नावावर झाले. खांदा भरल्यावर दादा तीच गाडी मायकडून रोजी घेऊन चालवू लागला, आजही चालवतो. मी पत्ते सोडले. त्या उन्हाळ्यात मी पहिल्या वर्गात बी.एस्सी. झालो, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर.